वॉरंटीतली गाडी बिघडली: विकणाऱ्या डीलरकडे न्यावी की त्याच कंपनीच्या दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला?

दसऱ्याला गाडी दारात येते आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत पुढच्या उजव्या चाकापाशी टकटक सुरू होते. वॉरंटी आहे, त्यामुळे खर्चाची धास्ती नसते. प्रश्न एवढाच, की गाडी कोणाकडे लावायची. बहुतेक जण सवयीने जिथून घेतली तिथेच जातात. पण कंपनीची वॉरंटी गाडीला असते, डीलरशी बांधलेली नसते. पुण्यात घेतलेली गाडी कराडला किंवा संगमनेरला त्याच कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दाखवता येते, फ्री सर्व्हिसही तिथे होते. दोन्ही दारं वापरून मी दुसऱ्यावर स्थिरावलो आहे. तरी विकणाऱ्या डीलरच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधी.

पहिल्या महिन्यातल्या कुरबुरी त्याच्याच गळ्यात घालाव्यात. रंगावरचा ओरखडा, दार आणि बॉडीमधली कमीजास्त फट, डिक्कीत पाणी, न मिळालेली दुसरी चावी, हे सगळं डिलिव्हरीपूर्व तपासणीत सुटलेलं असतं. सणाच्या गर्दीत ती तपासणी घाईत उरकली जाते. दुसरं सेंटर अशा गोष्टींवर ‘हे विकणाऱ्याचं काम’ म्हणणार, आणि ते चूकही नाही. डीलरने बसवलेल्या ॲक्सेसरीजचंही तसंच. रिव्हर्स कॅमेरा, म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प बसवताना मूळ वायर कापून जोड दिला असेल, तर पुढच्या प्रत्येक इलेक्ट्रिकल तक्रारीत दुसरं वर्कशॉप त्या जोडाकडे बोट दाखवतं. कपलर टू कपलर हार्नेस (वायर न कापता मूळ प्लगला जोडायचा वायरसंच) वापरला असेल तर हा वाद बहुधा उद्भवत नाही.

आणखी एक गोष्ट कागद काढून बघावी: एक्स्टेंडेड वॉरंटी कोणाची आहे? कंपनीची असेल तर ती देशभर चालते. काही डीलर मात्र स्वतःची किंवा तिसऱ्याच संस्थेची योजना विकतात, आणि ती त्यांच्याच वर्कशॉपपुरती असू शकते. सर्व्हिस पॅकेजचंही तेच. असा कागद हातात असेल तर निवडीचा प्रश्न निम्मा तिथेच संपला.

मोठ्या शहरातल्या वर्कशॉपकडे अवजारंही जास्त असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा असेल, इंजिन उघडायचं असेल, तर तिथे ते काम आधी केलेला माणूस सापडण्याची शक्यता जास्त. इथवर वाचून कुणी म्हणेल, मग दुसरीकडे जायचंच कशाला?

जॉब कार्डासाठी, म्हणजे गाडी आत घेताना तुमची तक्रार ज्यावर लिहिली जाते त्या कागदासाठी.

मोठ्या वर्कशॉपमध्ये सकाळी नऊला रांग लागते. तक्रार लिहून घेणारा सर्व्हिस ॲडव्हायझर हातात टॅब घेऊन येतो. तुम्ही सांगता, ‘तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या आसपास, चढावर, एसी चालू असताना डावीकडून खडखड येते.’ टॅबवर उमटतं: ‘नॉइज फ्रॉम फ्रंट. चेक.’ गाडी आत जाते. ज्याने ती तपासायची तो टेक्निशियन तुम्हाला भेटलेलाच नसतो. तो सपाट रस्त्यावर एक फेरी मारतो, काही ऐकू येत नाही, आणि संध्याकाळी कागदावर शेरा येतो: ‘चेक्ड अँड फाउंड ओके.’ याहून वाईट प्रकार म्हणजे ‘पाच मिनिटांचं काम आहे साहेब, कार्ड कशाला?’ बोल्ट आवळून देतात, गाडी गेटबाहेर पडते, आणि ती तक्रार कधी झालीच नव्हती असं होतं.

हे ताप देणारं अशासाठी, की ही नोंद कंपनीच्या सिस्टिममध्ये चेसिस नंबरावर कायम राहते. पुढे कुठल्याही वर्कशॉपला गेलात तरी समोरच्याला आधी ते ‘ओके’ दिसतं. वॉरंटीच्या शेवटच्या महिन्यात गिअरबॉक्सने मान टाकली, तर आवाज दुसऱ्या महिन्यापासून होता हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही.

डीलर लबाडच असतो असं नाही. वॉरंटीचं काम त्याला फारसं परवडत नाही. कंपनी मजुरी ठरलेल्या तासांच्या हिशेबाने देते, आणि तो दर साधारणपणे ग्राहकाकडून घेतात त्याहून कमी असतो. काढलेला पार्ट जपून ठेवावा लागतो, मागितला तर पाठवावा लागतो. गिअरबॉक्ससारखा अख्खा मोठा भाग बदलायला आधी कंपनीची मंजुरी लागते, आणि क्लेम नाकारला गेला तर भुर्दंड वर्कशॉपवर. शिवाय तीच तक्रार पुन्हा आली की ‘रिपीट जॉब’ म्हणून त्याच्या नावावर लागते. मग तक्रार मोघम लिहिण्याकडे कल जातो. हे गणित छोट्या सेंटरलाही लागू आहे, हे कबूल करायला हवं.

फरक पडतो तो गर्दीत. तालुक्याच्या किंवा उपनगरातल्या लहान अधिकृत वर्कशॉपमध्ये, निदान माझ्या पाहण्यात, फ्लोअर सुपरवायझर स्वतः बाहेर येतो आणि ‘चला, आवाज दाखवा’ म्हणत शेजारी बसतो. वॉरंटीतला निम्मा तिढा या एका फेरीत सुटतो. कार्डावर काय लिहिलं हे वाचायला मागितलं तर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. सगळी लहान सेंटरं अशीच असतील असं नाही. पण मोठ्या ठिकाणी हे मागून घ्यावं लागतं, आणि इथे ते आपसूक होतं.

लहान सेंटरची दुखणी वेगळी. पार्ट स्टॉकमध्ये नसतो. गाडी चालण्याजोगी नसेल तर ‘व्हेइकल ऑफ रोड’ प्रकारात तातडीची ऑर्डर टाका असं स्पष्ट सांगावं, नाहीतर ती नेहमीच्या ऑर्डरबरोबर रांगेत जाते. ऑर्डर नंबर मागून घ्यावा. ‘पार्ट मागवलाय’ या शब्दाला नंबराशिवाय वजन नाही. कधी कधी ‘जिथून घेतली तिथेच न्या’ असंही ऐकवतात. त्यावर एकच विनंती करावी: हे जॉब कार्डावर लिहून द्या. लिहून द्यायची वेळ आली की गाडी सहसा आत घेतली जाते.

दार कुठलंही निवडा, तक्रार अशी मांडावी की ती वर्कशॉपमध्ये पुन्हा उभी करता येईल. फक्त थंड इंजिनावर येणारा आवाज दुपारी दाखवून उपयोग नाही. गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि ‘रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिला स्टार्ट टेक्निशियनने करावा’ असं कार्डावर लिहून घ्या. दहा-वीसच्या वेगात बारीक खड्ड्यांवर टकटक येत असेल तर स्टॅबिलायझर लिंकपासून (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) बघायला सांगा. तो पार्ट स्वस्त आहे, बदलायला सोपा आहे, आणि पुष्कळदा दोषी तोच निघतो. स्टिअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर पुढच्या डिस्क वाकड्या फिरत असण्याचा संशय घ्यावा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपापसात बदलून बघायला सांगा (टायर एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे नसतील तर). ओढ बाजू बदलते, म्हणजे दोष टायरमध्ये. तशीच राहते, म्हणजे अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन. हे आधी कळणं बरं, कारण टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा ते बनवणाऱ्या कंपनीची असते. तो क्लेम वेगळ्या वाटेने जातो.

इंजिन ऑइल कमी होत असेल तर वाद घालण्याआधी मोजमाप मागा. पातळी वरच्या खुणेपर्यंत भरून, किलोमीटर लिहून, झाकण आणि ड्रेन बोल्ट सील करून हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजायची. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप ‘नॉर्मल’ धरलेला असतो, तेव्हा आपलं पुस्तक वाचूनच बोलावं.

चेक इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर लावण्याआधी डॅशबोर्डचा फोटो घ्या, ओडोमीटर दिसेल असा. फॉल्ट कोडसोबत त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान असा फ्रीझ फ्रेमचा डेटा साठलेला असतो. कोड पुसला की तोही जातो, आणि अधूनमधून येणारा दोष पुन्हा पकडणं कठीण होतं. म्हणून ‘कोड पुसण्याआधी प्रिंट किंवा फोटो द्यावा’ हेही कार्डावर हवं. लहान ठिकाणी तो फोटो स्क्रीनवरूनच काढू देतात.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं काय? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटलं होतं, की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये. पण ते प्रकरण पुढे अपिलांत गेलं. ओळखीच्या मेकॅनिकला आवाज ऐकवायला हरकत नाही, पाना मात्र लावू देऊ नये. उंदराने कुरतडलेली वायर आणि पावसात साचलेल्या पाण्यातून नेल्यावर अडकलेलं इंजिन दोन्ही दारांत वॉरंटीबाहेरच. त्यासाठी विम्याचा कागद बघावा.

दुसऱ्या सेंटरला गेलो तर विकणाऱ्या डीलरवरचा हक्क सुटेल ही भीती बऱ्याच जणांना असते. तसं होत नाही. विक्रेता तो विक्रेताच राहतो. प्रकरण चिघळलंच तर ग्राहक आयोगात डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करता येतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. त्याआधी कंपनीला ईमेल करावा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. किती वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलून द्यायची, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. उत्पादनातला दोष दाखवून द्यावा लागतो, आणि तिथे एकाच तक्रारीची, एकाच शब्दांत लिहिलेली तीन-चार जॉब कार्डं तोंडी भांडणापेक्षा कितीतरी जास्त कामाला येतात. ती ज्या दारात नीट लिहून मिळतात, तिथे थोडा लांबचा फेरा पडला तरी चालावा, असं आपलं माझं मत.

गाडी परत घेताना इनव्हॉइसवर बदललेल्या पार्टचा नंबर आणि ‘वॉरंटी’ हा शेरा आहे ना, एवढं बघून सही करा. दोन-तीन दिवसांत फीडबॅकचा फोन येईल, त्याआधी ॲडव्हायझरचा ‘दहापैकी दहा द्या’ असा मेसेजही येईल. ज्या रस्त्यावर आवाज यायचा तिथे गाडी फिरवून आणल्याशिवाय आकडा सांगू नका. ‘अजून चालवलेली नाही, सोमवारी फोन करा’ म्हटलेलं चालतं.