‘मायक्रो टॉम’ टोमॅटोचे बियाणे: वीतभर झाडाचा एका हिवाळ्यातला अनुभव

पुण्यातील आमच्या बाल्कनीत हिवाळ्यात सहा तास ऊन येते, परंतु कठड्यालगतची जागा जेमतेम दोन फूट रुंद आहे. त्या जागेत उंच वाढणाऱ्या टोमॅटोला काठ्या रोवून आणि सुतळ्या बांधून दोन वर्षे सांभाळल्यावर, गेल्या हिवाळ्यात मी ‘मायक्रो टॉम’ या बुटक्या वाणाच्या १५ बिया एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवल्या. त्यांतील ११ उगवल्या आणि ८ रोपे मी स्वतःसाठी ठेवली.

फ्लोरिडा विद्यापीठात कुंडीतील शोभेचे झाड म्हणून विकसित झालेला हा वाण १९८९ मध्ये प्रसारित झाला आणि पुढे वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांतही रुळला, कारण तो थोड्या जागेत बसतो आणि पेरणीपासून तीन महिन्यांच्या आत पिकलेले फळ देतो. त्याच्या बुटकेपणामागे प्रामुख्याने दोन जनुकीय बदल आहेत. एकामुळे पेशींची लांबी वाढवणारे संप्रेरक कमी तयार होते, तर दुसऱ्यामुळे काही फुलोरे आल्यावर शेंड्याची वाढ आपोआप थांबते. म्हणूनच त्याच्या बगलेतील फुटवे खुडू नयेत. फळे त्यांच्यावरच धरतात.

पाकिटावर ‘५५ दिवसांत फळे’ असे छापले होते, पण हे दिवस कधीपासून मोजायचे याचा उल्लेख नव्हता. टोमॅटोच्या बाबतीत ही मोजणी बहुधा रोप मोठ्या कुंडीत लावल्यापासून केली जाते. मी १ ऑक्टोबरला बी पेरले, २६ ऑक्टोबरला रोपे हलवली आणि पहिले लाल फळ २२ डिसेंबरला तोडले. म्हणजे लागवडीपासून ५७ आणि पेरणीपासून ८२ दिवस लागले. दावा खोटा ठरला नाही, परंतु नवख्या माणसाने नोव्हेंबरअखेर आशा सोडून दिली असती. विक्रेत्यांनी एवढे एक वाक्य पाकिटावर अवश्य छापावे.

कुंडीच्या आकाराबाबत मात्र मला स्पष्ट मत द्यावेसे वाटते. झाड वीतभर असले तरी सहा इंची कुंडीतील माती दुपारपर्यंत कोरडी पडत असे आणि त्या कुंड्यांतील काही फळे खालच्या टोकाला काळी पडली. मातीत कॅल्शियम पुरेसे असूनही पाणी अनियमित मिळाले की ते फळापर्यंत पोहोचत नाही, हे त्यामागचे कारण आहे. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात भरलेल्या आठ इंची कुंड्यांत हा त्रास झाला नाही. टोमॅटोच्या फुलातील पराग कंपनाने मोकळे होतात आणि आमच्या चौथ्या मजल्यावर भुंगे क्वचितच येतात, त्यामुळे मी रोज सकाळी फुलोऱ्यांवर बोटाने हलक्या टिचक्या मारत असे. पाने आकसवणारा पर्णगुच्छ विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावले, तरीही एका झाडाची पाने आकसली. ते मी लगेच उपटून टाकले.

उरलेल्या सात झाडांनी मिळून सुमारे एक किलो फळे दिली. फळ बोराएवढे, साल जाड, आणि चव आंबटगोड असली तरी गावरान टोमॅटोच्या रसाळपणाची सर तिला नाही. कोशिंबिरीला आणि मुलांच्या डब्याला ही फळे उत्तम. साराला मात्र एका वेळी पुरेशी निघत नाहीत. ज्यांच्याकडे गच्ची आहे आणि स्वयंपाकापुरते टोमॅटो घरीच हवे आहेत, त्यांनी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ लावावा. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तो प्रतिकारक आहे.

जानेवारीच्या अखेरीस केलेली दुसरी पेरणी फसली. मार्चच्या उन्हात पारा ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागला आणि बहुतेक फुले फळ न धरताच गळून पडली, त्यामुळे ऑक्टोबरमधील पेरणीच मला आमच्या हवामानाला योग्य वाटते. वाण संकरित नसल्याने बी घरी धरता येते. सर्वांत निरोगी झाडाच्या चार पिकलेल्या फळांचा गर मी दोन दिवस आंबवला, धुऊन सावलीत वाळवला आणि ते बी कागदी पुडीत ठेवले आहे. येत्या ऑक्टोबरला पाकीट विकत आणावे लागणार नाही.