एस.टी.नं आलेल्या हुखबाई

आर्वीकडच्या आमच्या खेड्यात पुस्तक यायचं म्हणजे एस.टी.चाच भरवसा. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्या भाऊंना फोन केला, आठव्या दिवशी खाकी कागदातलं पार्सल स्टँडवर हजर. जर्मन लेखिका रिकार्डा हुख यांची, इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीवरची कादंबरी, इंग्रजी भाषांतर. शिवण उसवलेली आहे, हे भाऊंनी आधीच सांगितलं होतं. कापूस वेचून आल्यावर रात्री चार-चार पानं वाचते.

बाई १८६४ च्या. जर्मनीत बायांना विद्यापीठात घेत नव्हते, म्हणून झुरिकला जाऊन इतिहास शिकल्या, डॉक्टरेट घेतली. अन् १९३३ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, हिटलरच्या नव्या राजवटीच्या निष्ठापत्रावर सही नाकारून प्रशियन अकादमी ही कलावंत-लेखकांची मानाची संस्थाच सोडली! केवढी छाती लागते त्याले. सतराव्या शतकात युरोपात झालेल्या तीस वर्षांच्या युद्धावरचं त्यांचं पुस्तक इंग्रजीत मिळालं तर माझ्यासाठी राखून ठेवा, असं भाऊंना सांगून ठेवलंय.