पीजीबॅकरेस्ट: उन्हाळ्यात सर्व्हर गेला तेव्हापासूनचा अनुभव

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. बडोद्याला दांडिया बाजारात आमचं औषधांचं होलसेल आहे. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी त्या सकाळी दर बदलायची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, चालवली. ती मालाच्या मास्टरवर, म्हणजे मूळ यादीवर, चालायला हवी होती, पण आधी कापलेल्या बिलांच्या ओळींवरही चालली. काकांनी मागच्या आठवड्यातलं एक बिल पुन्हा छापायला सांगितलं तेव्हा हे उघडकीला आलं. पार्टीच्या हातात १२ टक्क्यांचं बिल आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये तेच बिल ५ टक्क्यांचं. दुपारी जेवायला बसायच्या आत सगळ्या जुन्या ओळी पूर्ववत झाल्या होत्या. हे ज्याच्या जोरावर झालं त्या पीजीबॅकरेस्ट या बॅकअपच्या प्रोग्रामबद्दल लिहायचं मनात होतंच, आता लिहितोच.

पोस्टग्रेस म्हणजे आमची बिलं ज्यात राहतात तो डेटाबेस, आणि वॉल फाइली म्हणजे त्यातल्या प्रत्येक बदलाची क्रमाने ठेवलेली नोंद, एवढं माहीत असलं की पुरे. पण पीजीबॅकरेस्ट का बसवलं ते सांगितल्याशिवाय माझं मत कळणार नाही.

आमचा सर्व्हर पोटमाळ्यावर. रेड-१ मध्ये दोन हार्ड डिस्क, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. त्यातली एक आधीच बंद पडलेली, आणि कंट्रोलरचा बझर त्रास देतो म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांच्या माणसाने तो बंद करून ठेवलेला. मे महिन्याच्या उकाड्यात दुसरीही गेली. फोन केला तर उत्तर आलं, "बॅकअप छे, चिंता ना करो." बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बॅकअपचा फोल्डर होता, त्यात रोज रात्रीची फाइल होती, नावात तारीख होती, एकही रात्र चुकलेली नव्हती. आणि प्रत्येक फाइल २० बाइटची होती. रिकामी जीझिप (दाबून छोटी केलेली) फाइल तेवढीच असते.

झालं होतं असं. फेब्रुवारीत त्यांनी पोस्टग्रेस १३ चं १६ केलं, पण रात्रीची स्क्रिप्ट जुनाच पीजी-डंप, म्हणजे डेटाबेस फाइलीत उतरवणारा प्रोग्राम, चालवत राहिली. जुना पीजी-डंप आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा डंप घेत नाही, व्हर्जन जुळत नाही म्हणून तिथल्या तिथे थांबतो. त्याचं आउटपुट पाइपने, म्हणजे थेट, जीझिपकडे जात होतं, आणि शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) पाइपचा निकाल ठरवतं ते शेवटच्या कमांडवरून. पीजी-डंप पडला, जीझिप यशस्वी झाला, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनच्या लेखी सगळं ठीक. स्क्रिप्टच्या डोक्यावर, पाइपमधली कुठलीही कमांड पडली की एरर देणारी, पाइपफेलची एक ओळ असती तर त्याच रात्री कळलं असतं. शिवाय तीच स्क्रिप्ट तीस दिवसांपूर्वीच्या फाइली पुसून टाकायची. त्यामुळे फेब्रुवारीआधीचे खरे बॅकअपही गेले. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा होती ही.

डेटा रिकव्हरीवाल्याने सांगितलेल्या रकमेत नवा सर्व्हर आला असता, म्हणून आधी घरीच प्रयत्न केला. डीडीरेस्क्यूने मरत्या डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर उतरवली. हा प्रोग्राम आधी चांगला भाग उचलून घेतो आणि खराब सेक्टरकडे नंतर वळतो. कुठवर आलो याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी पुढून चालू करता येतं. त्या नकलेवर पोस्टग्रेस उठेना, कुठून सुरू करायचं ते सांगणारा चेकपॉइंट रेकॉर्डच सापडत नव्हता. मग नकलेची आणखी एक नक्कल करून तिच्यावर वॉल नव्याने सुरू करणारा पीजी-रीसेटवॉल चालवला. मूळ नकलेवर तो कधीही चालवू नका, कारण त्याने डेटाबेस उघडला तरी आतला मेळ बसेलच याची खात्री नसते. पुढे खराब पानं शून्य धरायची सेटिंग लावून एकेक टेबल बाहेर काढलं. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, म्हणजे एक पान गेलं की बिलांच्या कितीतरी ओळी जातात. गेलेल्या बिलांच्या रकमा जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातून मिळाल्या. पण त्यात बॅच नंबर आणि एक्सपायरी नसते, आणि त्याशिवाय एक्सपायर झालेला माल परत घेताना हिशेब लागत नाही. ते सगळं वहिनींनी आणि दुकानातल्या मुलांनी चलनांच्या कार्बन कॉप्या काढून हाताने भरलं. कार्बनची शाई पुसट झालेली, बॅच नंबरातला ८ की ३ हे कळायला वहिनी कागद उजेडाकडे धरायच्या.

त्यानंतर जूनमध्ये पीजीबॅकरेस्ट बसवलं. फुकट आहे, एमआयटी परवाना आहे, खर्च झाला तो एका नव्या डिस्कचा. रिपॉझिटरीसाठी, म्हणजे बॅकअप साठवायला, अडगळीतला जुना पीसी घेतला. रविवारी फुल, बाकीच्या रात्री डिफरेन्शियल (फुलनंतर बदललेलं तेवढंच), आणि दिवसभर वॉल फाइली जात राहतात. वॉलची एक फाइल १६ एमबीची असते. आमच्यासारख्या लहान दुकानात ती भरायला वेळ लागतो, म्हणून न भरलेली फाइलही पाठवायला लावणारा आर्काइव्ह-टाइमआउट पाच मिनिटांवर ठेवलाय. अर्धवट भरलेल्या फाइली कॉम्प्रेस होऊन अगदी छोट्या होतात, जागेची काळजी नाही. किती फुल बॅकअप ठेवायचे तो आकडा मात्र पहिल्याच दिवशी लिहा, नाहीतर जुनं काहीच पुसलं जात नाही आणि डिस्क भरते.

मला सगळ्यात आवडली ती चेक कमांड. ती सर्व्हरला वॉल फाइल बदलायला लावते आणि ती फाइल खरोखर रिपॉझिटरीत पोचेपर्यंत थांबते. पोचली नाही तर एरर. बॅकअप घेताना पीजीबॅकरेस्ट डेटाची पानं चेकसमशी (पान बिघडलं की न जुळणाऱ्या आकड्याशी) ताडून पाहतं तेही मोलाचं, फक्त त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये चेकसम चालू हवेत. आवृत्ती १८ पासून ते आपोआप चालू येतात, त्याआधीच्यांनी सर्व्हर बंद करून पीजी-चेकसम्सने चालू करून घ्यावेत.

आता तक्रार, आणि ही मी सोडणार नाही. बॅकअप फसला तर पीजीबॅकरेस्ट आपणहून कोणाला सांगत नाही. लॉगमध्ये लिहितं, एरर कोड देतं, इन्फो कमांड जेसनमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामना वाचता येईल अशा रूपात) सगळी माहिती देते, पण ई-मेल नाही, मेसेज नाही. ते काम मॉनिटरिंगचं, असं जाणकार म्हणतात. मोठ्या कंपनीत असेल. दांडिया बाजारातल्या दुकानात मॉनिटरिंगला कोण बसणार? ज्याने २० बाइटच्या फाइली पाहिल्यात त्याला हे पटणं अवघड आहे. आणि नुसत्या ई-मेलवरही माझा विश्वास नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांचेही पीजी-डंपचे बॅकअप रिकामे निघाले. कारण हेच होतं, सर्व्हर ९.६ चा आणि पीजी-डंप ९.२ चा. फसल्याचे ई-मेल क्रॉन पाठवत होता, पण पाठवणारा खरा आहे का हे पाहणाऱ्या डीमार्क तपासणीत ते नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची नक्कल) हाताशी होता म्हणून ते वाचले. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होतं, तर आपण कागदावरच यायला हवं.

म्हणून मी असं केलंय. रोज पहाटे त्या जुन्या पीसीवर बॅकअप रिस्टोअर होतो. डेल्टा रिस्टोअर असल्यामुळे बदललेल्या फाइलीच येतात, फार वेळ लागत नाही. मग तिथला डेटाबेस उघडून शेवटच्या बिलाचा नंबर, त्याची रक्कम आणि आदल्या दिवसाची एकूण विक्री बिलांच्याच डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली जाते. वहिनी दुकान उघडल्यावर ती चिठ्ठी रोजमेळाशी ताडून सही करतात. चिठ्ठी निघाली नाही तर त्या आधी मला फोन करतात, मग शटर पूर्ण वर जातं. रिस्टोअर करताना आर्काइव्ह-मोड बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर तो चाचणीचा डेटाबेस खऱ्या रिपॉझिटरीतच वॉल फाइली पाठवायला जाईल.

जुलैत मी एका मित्राला सांगितलं होतं की यातून एकटं टेबल परत काढता येत नाही, हा मोठा दोष आहे. ते मत आता बदललंय. सप्टेंबरच्या त्या सकाळी पूर्ण सर्व्हर मागे नेणं शक्यच नव्हतं, कारण क्वेरीनंतरही नवी बिलं कापली गेली होती. जुन्या पीसीवर क्वेरीच्या पाच मिनिटं आधीची वेळ देऊन रिस्टोअर केलं. वेळेसोबत +०५:३० लिहायलाच हवं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर साडेपाच तासांचा घोळ होतो. डेटाबेस त्या क्षणाला येऊन थांबला, वाचण्यापुरता उघडला. तिथून पीजी-डंपने बिलांच्या ओळींचं टेबल काढलं, चालू सर्व्हरवर वेगळ्या नावाने ठेवलं आणि फक्त टॅक्सचे कॉलम जुळवून घेतले. सॉफ्टवेअरवाले तोवर "कालचा बॅकअप टाकूया" म्हणत होते. काकांनी त्यांना थांबवलं. काका कॉम्प्युटरच्या बाबतीत कधी बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले.

रिपॉझिटरीचा पीसी बंद पडला तर वॉल फाइली सर्व्हरवरच साठत जातात. डिस्क भरली की पोस्टग्रेस बंद पडतो. एक मर्यादेची सेटिंग आहे, पण मर्यादा ओलांडली की ती वॉल फाइली टाकून देते आणि मधल्या वेळेत परत जाता येत नाही. मी ती लावली नाही, सर्व्हरला मोठी डिस्क लावली.

दुसरी रिपॉझिटरी क्लाउडवर आहे, एन्क्रिप्ट करून. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या किती दुकानांचे कॉम्प्युटर गेले ते बडोदेकरांना सांगायला नको. एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय, कारण तो हरवला तर क्लाउडवरचा बॅकअप उघडत नाही.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की पीजीबॅकरेस्टचं स्टान्झा-अपग्रेड चालवावं लागतं. नाही चालवलं तर आवृत्ती जुळत नाही म्हणून आर्काइव्हिंग, म्हणजे वॉल फाइली पाठवणं, एरर देऊन थांबतं. आणि विंडोजवर पोस्टग्रेस असेल तर पीजीबॅकरेस्ट चालत नाही. तिथे पोस्टग्रेसचाच पीजी-बेसबॅकअप घ्या, आणि पहाटेची चिठ्ठी तेवढी चालू करा.