जामीन मंजूर झाल्यावर झालेली फसवणूक : कोर्टाबाहेर "जामीनदार देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध रहा

ज्यांच्या घरातलं कोणी आत आहे आणि जामिनाची ऑर्डर नुकतीच झालीय किंवा होणार आहे त्यांनी हे आधी वाचा, बाकीच्यांनी पण वाचून ठेवा, कारण ही वेळ सांगून येत नाही. जामीन मंजूर होणं वेगळं आणि माणूस जेलच्या गेटबाहेर येणं वेगळं. या दोन्हीच्या मधे जे काही तास किंवा दिवस जातात ना, तेवढ्यातच आम्हाला लुबाडलं.

माझे धाकटे दीर शहरात टेम्पो चालवतात, आम्ही इकडे माण तालुक्यात. पार्किंगवरून दोन गटांत हाणामारी झाली, एकाचं डोकं फुटलं आणि एफआयआरमध्ये ज्यांची नावं आली त्या सगळ्यांना उचललं, त्यात भाऊजी पण. कलम अजामीनपात्र, म्हणजे जामीन द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. आधी पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), म्हणजे जेल. केस अजून चालू आहे म्हणून खरं खोटं काय त्यावर मी काही लिहीत नाही, आणि कोर्टाचं नावही मुद्दाम टाकत नाही. तर मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला, मग सेशन कोर्टात जामीन झाला. ऑर्डर अशी की २५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा दोन जामीनदार.

तो दिवस शुक्रवार होता, दुपारचे तीन वाजून गेलेले. वकील अर्ज मंजूर झाल्या झाल्या दुसऱ्या कोर्टात गेले, म्हणाले बॉण्डचं काम इथला माणूस करेल. हा "इथला माणूस" म्हणजे कोण ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही, तो स्वतःच आला. पांढरा शर्ट, हातात फाईली, स्टॅम्प वेंडर आणि झेरॉक्सवाल्यांच्या टेबलांमधे सगळ्यांना नावाने हाक मारत फिरणारा. मला म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. पण गावाकडचा जामीनदार इथं चालत नाही, लोकल लागतो, घर नावावर पाहिजे. तुम्ही सातबारा घेऊन येईपर्यंत मंगळवार उजाडेल. आज पाचच्या आत कागद जेलला गेला तरच पोरगा सुटतो, नाहीतर शनिवार रविवार आतच."

यातली एक गोष्ट खरी होती. सुटकेचा आदेश जेलला ठरलेल्या वेळेत पोचावा लागतो, उशीर झाला की सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, आणि पुढे सुट्टी असली की बॉण्डचं काम पण थांबतं. या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर त्याने बाकीचं खोटं आमच्या गळ्यात मारलं. सासूबाई सोबत होत्या, त्या जेलचं नाव ऐकूनच रडायला लागल्या, आणि तो माणूस मुद्दाम त्यांच्याकडे बघून बोलत होता हे मला आजही आठवतं.

१८,००० मागितले. जामीनदाराचे, कारकुनाचे, "वरचे" असं सगळं धरून. पावती नाही. अर्धे रोख घेतले आणि अर्धे फोनपेवर, तेही दुसऱ्याच कोणाच्या नावावर. मग एक म्हातारे गृहस्थ आले, रेशनकार्ड, आधार, घरपट्टीची पावती सगळं तयार, फोटो चिकटवलेले, कोर्टात उभे राहिले, सह्या केल्या, आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. भाऊजी त्याच रात्री सुटले. आम्हाला वाटलं पैसे गेले पण माणूस घरी आला.

काही महिन्यांनी जामीनदाराच्या कागदांची पडताळणी झाली तेव्हा कळलं की त्या पत्त्यावर असा कोणी माणूसच राहत नाही, घरपट्टीची पावती बनावट, रेशनकार्डावरचा शिक्का बनावट, आणि तोच चेहरा वेगळ्या नावाने दुसऱ्या केसेसमधे पण जामीन राहिलेला. जामीनदार असा खोटा किंवा अपुरा निघाला तर आरोपीला वॉरंट काढून परत आणता येतं आणि नवीन जामीनदार देईपर्यंत परत आत टाकता येतं, नवीन कायद्यात म्हणजे बीएनएसएसमधे (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ते कलम ४८८ आहे. भाऊजींना टेम्पो स्टँडवरून नेलं. मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. आणि बनावट कागदांचा जो वेगळा गुन्हा नोंद झाला त्यात "हा जामीनदार आणला कोणी" म्हणून आमच्या ह्यांना पोलीस स्टेशनला बोलावलं. बनावट कागद खरा म्हणून वापरला तर बीएनएस (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) कलम ३४० लागतं, आणि ते कुटुंबावरही येऊ शकतं हे आम्हाला तिथे बसल्यावर समजलं. पैसे घेणारा मात्र तोपर्यंत गायब, फोन बंद.

दुसऱ्या वकीलबाईंनी जे सांगितलं ते पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं, म्हणून ते सविस्तर लिहिते.

जामीनदार नसेल तर रोख जामीन मागता येतो. म्हणजे वकिलाने अर्ज करायचा की जामीनदार शोधायला वेळ लागतोय, तोपर्यंत रोख रक्कम भरायची परवानगी द्या. परवानगी देणं न देणं कोर्टाच्या हातात असतं, पण आपल्याकडे चार आठवड्यांसाठी वगैरे अशी परवानगी खूप वेळा मिळते. पैसे कोर्टात भरायचे, सरकारी पावती मिळते, आणि अटी पाळल्या तर ते पैसे परत मिळतात. हे समजल्यावर मला सगळ्यात जास्त राग आला. परत मिळणारे २५,००० आम्ही कसेही उभे केले असते, सासूबाईंची बोरमाळ होती, भावकीत मागता आले असते, आणि त्याने कधीच परत न येणारे १८,००० काढून घेतले आणि वर भाऊजींना परत आत घालवलं.

दुसरं, "लोकलच लागतो" हे खोटं आहे. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्याच कारणावरून नाकारायचा नाही हे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या केसमधे सांगितलंय, तो मोतीराम गवंडीकाम करणारा गरीब माणूस होता आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल आहे. तरी खाली कारकून कुरकुर करतात, तेव्हा वकिलाने ते ठामपणे मांडायला पाहिजे. नात्यातला माणूस, त्याचा सातबारा, तहसीलचा ऐपतीचा दाखला किंवा पगारदार असेल तर सॅलरी स्लिप, हे अटक झाल्या झाल्या जमवायला घ्या, ऑर्डरची वाट बघत बसू नका. ऐपतीच्या दाखल्याला वेळ लागतो आणि नेमक्या त्या वेळेवरच हे लोक जगतात.

तिसरं, जामीनदाराला आपण अजून कोणाकोणाला जामीन राहिलोय ते कोर्टात लिहून द्यावं लागतं (बीएनएसएस कलम ४८६). आमच्या त्या म्हाताऱ्याने कोणालाच नाही असं लिहून दिलेलं होतं. ज्या माणसाला आपल्या घरातलं कोणी ओळखत नाही त्याच्या अशा सहीवर आपल्या माणसाची सुटका टांगून ठेवायची नाही.

आणि ज्यांच्याकडे खरोखर काहीच नाही त्यांच्यासाठी पण रस्ता आहे, तो आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हता. कस्टडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं लिहिलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, किंवा १५१०० वर फोन करायचा. जामीन होऊनही माणूस सुटला नाही तर जेलने ते प्राधिकरणाला कळवायचं, आणि एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मधे सांगितलंय. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना पण २०२३ पासून आहे, त्यात जामिनासाठी मदत होऊ शकते, २०२३ च्या नियमांत ती ४०,००० पर्यंत होती. जामीन होऊन पण आत पडून राहिलेल्यांच्या घरच्यांनी हे नक्की विचारावं, बसून राहू नये.

भाऊजी शेवटी रोख जामिनावर सुटले आणि नंतर माझ्या मामेसासऱ्यांनी स्वतःच्या जमिनीच्या कागदावर जामीन दिला, गावाकडचाच सातबारा, चालला. ऑर्डर नक्की काय आहे ते आता मीच ईकोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर टाकून बघते, हा प्रत्येक केसचा वेगळा १६ अक्षरी नंबर असतो, वकिलाकडून पहिल्या दिवशीच लिहून घ्या. त्या दिवशी आम्ही ऑर्डरचा कागद बघितलाच नव्हता कारण आम्हाला तो कोणी दाखवलाच नाही, सगळं त्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं.

अशा दलालांची यादी करायचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना आहे, ॲडव्होकेट्स ॲक्टमधे २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५अ आलंय, यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ५०० रुपये ही काय शिक्षा झाली, एका कुटुंबाकडून तो त्याच्या कितीतरी पट काढतो. तरी आम्ही प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या नावाने लेखी तक्रार दिली, पोच घेतली, आणि फसवणुकीचा जबाब पोलिसांकडे वेगळा दिला. तुमच्याकडून कोणी असे पैसे घेतले असतील तर फोनपेची एन्ट्री, त्याचा नंबर, मेसेज काहीही डिलीट करू नका. आमच्या ह्यांना त्या गुन्ह्यात आरोपी न करता साक्षीदार म्हणून घेतलं ते त्या एका एन्ट्रीमुळेच.