शिखरावर किती थंडी? साडेसहा, दहा की पाच: कोणता दर धरावा

पायथा 1000 मीटरवर, शिखर 3000 मीटरवर, आणि पायथ्याशी 20 अंश सेल्सिअस. वर किती असेल? उत्तर तुम्ही उंचीनुसार तापमान घटण्याचा कोणता दर धरता त्यावर अवलंबून आहे.

बहुतेक जण हजार मीटरला 6.5 अंश धरतात. प्रमाण वातावरणाचा, म्हणजे सरासरी हवेच्या ठरवलेल्या नमुन्याचा, हा दर: समुद्रसपाटीला 15 अंश, 11 किलोमीटरवर उणे 56.5. त्यानुसार शिखरावर 7 अंश. आठवडाभर आधी बेत आखताना हा आकडा पुरेसा आहे. मात्र ती सरासरी आहे, एखाद्या ठराविक दिवसाची हवा तशीच वागेल असं नाही.

शुष्क हवेचा दर 9.8 अंश. हवा वर चढली की तिच्यावरचा दाब घटतो, ती फुगते, आणि फुगण्यात तिची स्वतःची ऊर्जा खर्च होऊन ती गार होते. या हिशेबाने शिखरावर जेमतेम 0.4 अंश! निरभ्र दुपारी तापलेल्या जमिनीमुळे खालची हवा ढवळून निघते, तेव्हा त्या थरात हाच दर सरासरीपेक्षा खरा ठरतो. खाली छान ऊन आहे म्हणून गरम कपडे मागे ठेवणारे इथेच फसतात. माझं स्पष्ट मत आहे: सामान भरताना नेहमी याच आकड्याची तयारी ठेवा.

ढगात शिरलात की गणित बदलतं. बाष्पाचे थेंब होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, म्हणून हवा सावकाश गार होते. हजार मीटरला साधारण 5 अंश. हा दर स्थिर नाही. उष्ण दमट हवेत तो 4 च्या आसपास उतरतो, तर कडाक्याच्या थंडीत बाष्पच थोडं असल्याने शुष्क दराजवळ जातो. ढग कुठे सुरू होईल याचा अंदाजही बांधता येतो: तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात) यांतल्या दर अंशाच्या फरकाला सुमारे 125 मीटर. पायथ्याशी दवबिंदू 12 असेल तर फरक 8 अंशांचा, म्हणजे ढगाचा तळ पायथ्यापासून हजार मीटर वर. वर चढणारी हवा तिथवर 9.8 ने गार होऊन सुमारे 10 अंशांवर येते, पुढे 5 ने गार होऊन शिखरावर 5 अंश.

निरभ्र, निवांत रात्रीनंतर मात्र यातला एकही दर लावू नका. गार, जड हवा दरीत साचते आणि वरचा उतार खालच्यापेक्षा उबदार असतो. अशा दिवशी पहाटेचं पायथ्याचं तापमान सोडून द्या, आदल्या दुपारचं धरा.