एल्फिन्स्टनची तसबीर: लाकूड चांगले, व्युत्पत्ती कच्ची

पुण्याच्या लष्कर भागातील भेटवस्तूंच्या एका छोट्या दुकानात आडनावाची माहिती छापून ती चौकटीत बसवून मिळते. आपण आडनाव सांगायचे, आकार निवडायचा आणि चार-पाच दिवसांनी त्या आडनावाचा उगम, अर्थ, मानचिन्ह आणि जगातील प्रसार एका कागदावर छापलेली तसबीर घरी न्यायची. मराठी आडनावांचे नमुने भिंतीवर टांगलेले आहेत, पण दुकानदाराच्या म्हणण्यानुसार परदेशी आडनावांनाही मागणी असते. आम्ही मागवली ती एल्फिन्स्टन या दुर्मीळ स्कॉटिश आडनावाची, आणि त्याला कारण होते. आमच्या वाचनमंडळात पेशवाईच्या अखेरीचा ध्यास घेतलेले एक ज्येष्ठ सदस्य आहेत. चर्चा कशावरही सुरू झाली तरी दुसऱ्या चहापर्यंत ते ती संगमावरच्या रेसिडेन्सीपाशी, म्हणजे पेशवे दरबारातील इंग्रज वकील (रेसिडेंट) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या निवासापाशी, आणून सोडतात, म्हणून जुन्या मराठी उच्चाराप्रमाणे मंडळात त्यांना ‘अल्पिष्टन’ म्हणतात. त्यांच्या पंचाहत्तरीला ही तसबीर द्यावी, अशी कल्पना निघाली आणि वर्गणी जमवून खरेदीचे काम माझ्याकडे आले.

आधी वस्तूविषयी. बारा बाय अठरा इंचांच्या तसबिरीला १,४५० रुपये पडले. चौकट खऱ्या लाकडाची असून कोपरे नीट जुळलेले आहेत, समोर काच आहे (ॲक्रिलिक नाही, हे मी नखाने वाजवून पाहिले) आणि मागचा पुठ्ठा खिळ्यांनी पक्का केलेला आहे. कागद जाड, किंचित पिवळसर. छपाईतील एक दोष मात्र पहिल्याच नजरेत खटकतो. ‘न्स्ट’ हे जोडाक्षर त्यांच्या फाँटला झेपलेले नाही, त्यामुळे शीर्षकातच ‘न’ आणि ‘स’ आपापले हलन्त घेऊन वेगवेगळे उभे आहेत. ज्या तसबिरीचा एकमेव विषय एक नाव आहे तिच्यात ते नावच फुटके छापले जावे, हे चौदाशे पन्नास रुपयांत बसणारे नाही.

खरी अडचण मजकुराची आहे. तसबिरीवर ठळक अक्षरांत अर्थ दिला आहे: ‘एल्फ म्हणजे परी, स्टोन म्हणजे दगड, एल्फिन्स्टन म्हणजे पऱ्यांचा दगड.’ वाचायला गोड, पण नावाचा उत्तरार्ध दगडाचा नाही. हे आडनाव एका गावाचे आहे. एडिनबरोच्या पूर्वेला, ईस्ट लोदियन परगण्यात, ट्रॅनेंट या गावाजवळ एल्फिन्स्टन नावाचे खेडे आजही आहे. लोदियनच्या या पट्ट्यात सातव्या शतकापासून नॉर्दम्ब्रिया या जुन्या इंग्रजी राज्यातील अँग्लियन लोकांची सत्ता आणि भाषा पसरली, म्हणून तेथील कितीतरी गावांच्या नावांत जुन्या इंग्रजीतील ‘टून’ हा शब्द शेवटी दिसतो. कुंपण घातलेली जागा, शेतवाडी, वस्ती असा त्याचा अर्थ असून आजच्या इंग्रजीतील ‘टाउन’ त्याच शब्दाचा वंशज आहे. एखाद्या माणसाच्या नावाला ‘चा-ची-चे’चा ‘स’ लागला, पुढे ‘टून’ आले आणि दोन्ही मिळून ‘स्टन’ झाले. पुढच्या लेखनिकांनी त्यात ‘स्टोन’ वाचला आणि शेवटी एक मुका स्वर चिकटवून दिला. थोडक्यात, हे नाव ‘अमक्याची वाडी’ या जातीचे आहे.

हा अमका कोण, याविषयी एकमत नाही. ‘एल्फ’ने सुरू होणारे एखादे जुने इंग्रजी नाव असावे असे काही म्हणतात, तर काहींना त्यात आल्पिन हे गेलिक नाव ऐकू येते. पहिला पक्ष खरा मानला तर तसबिरीतील परी मागच्या दाराने आत येते, कारण त्या काळी माणसांच्या नावांतच हा शब्द असे. उदाहरणार्थ, एल्फविने म्हणजे ‘परीलोकीचा मित्र’. तरीही ती परी वाडीच्या मालकाच्या नावात आहे, दगडावर बसलेली नाही. जर्मनीतील हेल्फेनश्टाइन सरदारांशी या घराण्याचे नाते जोडणारी एक आख्यायिकाही आहे आणि तसबिरीने ती शेवटच्या परिच्छेदात भक्तिभावाने दिली आहे. नावाच्या सारखेपणापलीकडे तिला आधार नाही. आपल्याकडेही बऱ्याच कुळकथा अशाच एका अक्षराच्या साम्यावर उभ्या असतात, तेव्हा दुकानदाराला त्याचा फार दोष देता येत नाही.

या सगळ्या प्रकरणात मला गंमत वाटली ती मराठी उच्चाराची. इंग्रजी लेखन डोळ्यांनी पाहिले की शेवटी दगड दिसतो, पण पुणेकरांनी हे नाव आधी कानांनी ऐकले. म्हणून मराठीत त्याचे ‘एल्फिन्स्टोन’ कधी फारसे रूढ झाले नाही. ‘एल्फिन्स्टन’ झाले, बोलण्यात ‘अल्पिष्टन’ झाले, आणि दोन्हींत तो मूळचा ‘टन’ शाबूत राहिला. स्कॉटलंडातील लोकही शेवट ‘स्टन’ असाच आखूड करतात. ज्या रेसिडेंटाशी पेशव्यांचे कारकून रोज बोलत होते, त्याच्या नावाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, पण आमच्या तसबिरीपेक्षा त्यांच्या कानांनी तो अधिक इमानाने जपला.

गाव हेच आडनाव, हा प्रकार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. चिपळूणचा चिपळूणकर होतो, तसा तेराव्या शतकात त्या गावचा जमीनदार कागदोपत्री ‘एल्फिन्स्टनचा’ म्हणून नोंदला जाऊ लागला. फरक इतकाच की काळाच्या ओघात त्यांचा ‘कर’ गळाला आणि नुसते गाव उरले. ज्याचे आडनाव आणि ज्याची जमीन एकाच नावाची, त्याला स्कॉटलंडात ‘ऑफ दॅट इल्क’, म्हणजे ‘त्याच नावाचा’, असे म्हणतात. पुढे घराण्याची एक शाखा चौदाव्या शतकात स्टर्लिंगशायरमधील एअर्थ भागात गेली आणि तेथील जमिनीलाही त्यांनी आपल्या गावाचेच नाव दिले. मूळ गावची जहागीर मात्र पंधराव्या शतकात लेकीच्या वाटेने जॉन्स्टन घराण्याकडे गेली. म्हणजे पुण्याला आलेला एल्फिन्स्टन हा, आपल्या भाषेत सांगायचे तर, गावात जमिनीचा एक तुकडाही न राहिलेला ‘कर’ होता. मूळ गावातील पंधराव्या शतकाच्या बुरुजाचेही पुढे हाल झाले: खालच्या कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचू लागली आणि १९५५च्या सुमारास त्याचा बहुतेक भाग पाडावा लागला. तसबिरीवर या बुरुजाचे रेखाचित्र हवे होते. त्याऐवजी डोंगराळ प्रदेशातील चौकडीचा घागरा घातलेला बॅगपाइपवाला काढला आहे, जो लोदियनच्या सखल प्रदेशातील या घराण्यापेक्षा बिस्किटांच्या डब्यावर अधिक शोभला असता.

संख्येचा भाग सर्वांत कमजोर आहे. जगाच्या नकाशावर ठिपके देऊन एक मोठा आकडा छापला आहे. तो कोणत्या वर्षाचा, कोणी मोजला, कोणती लेखनरूपे धरून मोजला, याचा पत्ता नाही. आकडा मी येथे उतरवून घेत नाही, कारण जन्मतारीख नसलेल्या आकड्याला पुढे पाठवणे बरे नव्हे. वास्तविक स्कॉटलंडातील आडनावांची मोजदाद करण्यासारखी साधने उत्तम आहेत. तेथे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. त्याआधीची काही चर्चदप्तरे १५५३ पर्यंत मागे जातात. १८४१ ते १९२१ या काळातील दर दहा वर्षांच्या जनगणनेची नावानिशी पाने पाहता येतात. शिवाय तेथील नोंदींत विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव सोडले जात नाही, थडग्यांवरही ते कोरलेले असते, त्यामुळे आडनावाचा माग घेताना निम्मी माणसे लग्नाच्या मांडवात हरवत नाहीत. मात्र शोधणाऱ्याने एल्फिन्स्टन, एल्फिन्स्टून, एल्फिंगस्टन अशी सर्व रूपे तपासावी लागतात. एकच रूप धरले तर आडनाव आहे त्याहून दुर्मीळ भासते.

तरीही ते दुर्मीळ आहेच, आणि का आहे हे सांगण्यासाठी आकड्याची गरज नाही. स्कॉटलंडात सर्वाधिक लोक स्मिथ आहेत, कारण प्रत्येक गावात एक लोहार होता आणि प्रत्येक लोहारापासून स्वतंत्र स्मिथ घराणे निघू शकत होते. ‘मॅक’ लागणारी आडनावे बापाच्या नावावरून पडतात आणि बापांची नावे ठरावीकच असतात. शिवाय डोंगराळ भागात टोळीप्रमुखाचे आडनाव त्याच्या कुळांनी आणि आश्रितांनीही लावले, म्हणून ती फोफावली. एल्फिन्स्टनला यांपैकी कोणताच फायदा मिळाला नाही. एक छोटे गाव, एक जमीनदार घराणे आणि सखल प्रदेशातील चाल, एवढेच त्याचे भांडवल. जी माणसे होती तीही लष्करात, आरमारात आणि वसाहतींत पांगली. त्यातून एक विचित्र परिस्थिती झाली आहे: या आडनावाची माणसे थोडी आणि पाट्या पुष्कळ. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात आणि कॅनडातील मॅनिटोबात एल्फिन्स्टन नावाची गावे आहेत, तांबड्या समुद्रात त्या नावाचा प्रवाळखडक आहे, कराचीत एके काळी एल्फिन्स्टन स्ट्रीट होता, आणि मुंबईत २०१८ मध्ये प्रभादेवी होईपर्यंत रेल्वेस्थानक होते. नकाशावर ठिपके द्यायचेच होते तर दुकानदाराने हे द्यायला हवे होते.

मानचिन्हाविषयी थोडक्यात. पांढऱ्या ढालीवर काळी उलट्या व्ही आकाराची पट्टी आणि भोवती तीन तांबडी रानडुकरांची मुंडकी हे चित्र बरोबर आहे, खालचे ‘कॉज कॉझिट’ हे ब्रीदही बरोबर आहे. शेजारच्या स्विंटन घराण्याच्या चिन्हातही अशीच मुंडकी आहेत, आणि स्विंटन म्हणजे तर सरळ ‘डुकरांची वाडी’. चूक आहे ती ‘एल्फिन्स्टन आडनावाचे मानचिन्ह’ या मथळ्यात. स्कॉटलंडात मानचिन्ह आडनावाचे नसते, एका व्यक्तीचे असते. लॉर्ड लायन या मानचिन्हांच्या प्रमुख अधिकाऱ्याचे स्वतंत्र न्यायालय त्यावर देखरेख ठेवते आणि १६७२च्या कायद्यापासून त्याची नोंदवही आहे. दुसऱ्याचे चिन्ह तेथे मिरवले तर तो गुन्हा ठरतो. लष्करातल्या दुकानात तो १,४५० रुपयांना मिळतो.

प्रसिद्ध व्यक्तींच्या यादीत ॲबर्डीन विद्यापीठाची १४९५ मध्ये स्थापना करणारे बिशप विल्यम एल्फिन्स्टन आहेत, ही निवड चांगली. पण मुंबई इलाख्याचे दोन गव्हर्नर तसबिरीने एकच केले आहेत. माउंटस्टुअर्ट हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. १८११ पासून तो पुण्याचा रेसिडेंट होता, ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्याची संगमावरची रेसिडेन्सी ग्रंथसंग्रहासह जळाली, आणि १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळा, जिचे पुढे डेक्कन कॉलेज झाले, ती याच्याच काळात ६ ऑक्टोबर १८२१ रोजी सुरू झाली. ती तारीख त्याच्या वाढदिवसाची होती. १८५३ ते १८६० या काळातला गव्हर्नर म्हणजे तेरावा लॉर्ड जॉन, माउंटस्टुअर्टचा पुतण्या. मुंबईचे स्थानक पुतण्याच्या नावाचे होते आणि कॉलेज काकाच्या. काका कोण आणि पुतण्या कोण यात निदान पुण्यात तरी गोंधळ होऊ नये. तसबिरीत ‘त्यांचे वंशज आजही’ असे एक वाक्य आहे. माउंटस्टुअर्ट १८५९ मध्ये वारला तो अविवाहित.

हे सारे एका कागदावर लिहून मी दुकानात नेले. वाद होईल अशी तयारी होती, पण दुकानदाराने चष्मा लावून दोन्ही पाने वाचली आणि म्हणाला, “काका, हा मजकूर आम्ही तयार विकत घेतो. तुम्ही लिहून दिलात तर तोच छापतो, फक्त कागदाचे अडीचशे पडतील.” नव्या कागदाचे प्रूफ त्याने दाखवले, दोन ठिकाणी दुरुस्ती करून घेतली, जोडाक्षरासाठी दुसरा फाँट बसवला आणि सांगितल्या दिवशी तसबीर तयार ठेवली. सेवेविषयी तक्रार नाही. ज्यांना चांगली चौकट हवी आहे आणि मजकूर स्वतः लिहिता येतो, त्यांनी येथे अवश्य जावे; तयार मजकुरासह मात्र घेऊ नये, आणि नाव जोडाक्षरांचे असेल तर प्रूफ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आमच्या अल्पिष्टनांनी तसबीर पाहिली, मजकूर दोनदा वाचला आणि खिशातले पेन काढून मागच्या पुठ्ठ्यावर तारखेखाली सही केली: एल्फिन्स्टनकर.