परिषदेतलं प्रात्यक्षिक ट्युटोरियल: सराव लॅपटॉपवर, कोलॅबवर की गॅलक्सीवर?

बायोइन्फर्मॅटिक्सच्या (जैविक डेटाच्या संगणकीय विश्लेषणाच्या) परिषदेत ट्युटोरियल घ्यायचं ठरलं की प्रस्ताव बहुधा विषयापासून सुरू होतो. सिंगल-सेल, लाँग-रीड असेंब्ली, व्हेरिएंट कॉलिंग, जे काही असेल ते. गोषवारा लिहून होतो, शिकवणाऱ्यांचे परिचय जोडले जातात आणि ‘सहभागी सराव कशावर करणार’ हा रकाना अगदी शेवटी, मुदत संपता संपता भरला जातो. माझं ठाम मत आहे की हा रकाना सगळ्यात आधी भरावा. अर्धा दिवस पुरेल की पूर्ण दिवस लागेल, किती जणांना घ्यायचं, मदतनीस किती हवेत, डेटा केवढा ठेवायचा, हे सगळं त्यावरच ठरतं.

पर्याय मुख्यतः तीन: सहभागींचा स्वतःचा लॅपटॉप, ब्राउझरमधली नोटबुक, म्हणजे कोड आणि त्याचे निकाल एकत्र दाखवणारं पान (कोलॅब किंवा बाइंडर), आणि गॅलक्सीसारखी तयार व्यवस्था, जिथे संकेतस्थळावर क्लिक करून विश्लेषण चालतं.

स्वतःचा लॅपटॉप

याचं आकर्षण खरं आहे. जे इन्स्टॉल केलं ते सहभागीकडेच राहतं आणि परत गेल्यावर स्वतःच्या डेटावर तीच कमांड चालवता येते. पण सभागृहात पहिल्या वीस मिनिटांत काय होतं ते बघा. एकाच्या पडद्यावर कोंडा (सॉफ्टवेअर बसवणारं साधन) ‘सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट’च्या पुढे सरकत नाही. शेजारचीला अ‍ॅडमिन पासवर्ड विचारला जातो आणि तो तिच्या संस्थेच्या आयटी विभागाकडे आहे. मागच्या रांगेत डिस्क भरलेली. शिकवणारा तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी कीबोर्डवर वाकलेला, आणि ज्यांचं सगळं नीट चाललंय ते ताटकळत बसलेले.

यात सहभागींचा दोष नसतो. बायोकोंडा, म्हणजे कोंडावरचा जीवशास्त्रीय साधनांचा संग्रह, लिनक्स आणि मॅकसाठी आहे. विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) बसवावं लागतं, आणि त्यालाही अ‍ॅडमिनचे अधिकार हवेत. २०२० पासून अ‍ॅपलने मॅकमध्ये स्वतःच्या चिप घालायला सुरुवात केली. त्या चिपसाठी बायोकोंडाची बरीच पॅकेजेस कितीतरी काळ तयारच नव्हती, आणि जुन्या साधनांच्या बाबतीत ही अडचण अजूनही येऊ शकते. डॉकर (साधनं आवृत्त्यांसकट ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यात देणारी व्यवस्था) वापरला तर आवृत्त्यांचा घोळ मिटतो, पण त्या डब्याची फाइल, म्हणजे इमेज, डाउनलोड करावी लागते. २ जीबीची इमेज ४० जणांनी एकाच वेळी उतरवायला घेतली की सभागृहाच्या वायफायवर ८० जीबीचा भार पडतो.

सूचना दोन आठवडे आधी पाठवल्या तरी काही जण त्या आदल्या रात्रीच उघडणार, हे धरून चालावं. नुसती यादी पाठवण्यापेक्षा एक तपासणी-कमांड द्या आणि तिचा आउटपुट परत मागवा. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांच्यासाठी काय करायचं, हे तुम्हाला आधीच कळेल.

तरीही दोन ठिकाणी मी लॅपटॉपच निवडेन. एक, नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेकसारखा (विश्लेषणाचे टप्पे साखळीने चालवणाऱ्या साधनांचा) विषय असेल तेव्हा. तिथे आपल्या यंत्रावर वर्कफ्लो उभा करणं हाच धडा असतो. दुसरं, नुसतं आर ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि बायोकंडक्टरचं (तिच्यातल्या जैविक पॅकेजेसच्या संग्रहाचं) पॅकेज शिकवायचं असेल तेव्हा. बायोकंडक्टर विंडोज आणि मॅकसाठी तयार बायनरी (थेट चालणाऱ्या फाइली) देतं, त्यामुळे वरच्या बऱ्याचशा अडचणी तिथे येत नाहीत.

कोलॅब आणि बाइंडर

कोलॅबला गूगलचं खातं पुरतं. मोफत सत्रात साधारण १२ जीबी रॅम मिळते, पायथन तर आहेच, आरही चालतं. मात्र प्रत्येक नवं सत्र कोऱ्या यंत्रावर सुरू होतं, म्हणजे पॅकेजेस पुन्हा बसवायची. जेवणाच्या सुट्टीत टॅब तसाच राहिला तर सत्र तुटू शकतं आणि सकाळचं काम जातं. म्हणून प्रत्येक टप्प्याचा निकाल तयार फाइलच्या रूपात कुठेतरी ठेवलेला हवा, म्हणजे सत्र तुटलेला माणूस तिथूनच पुढे जाईल. आणखी एक गोष्ट प्रस्ताव लिहिताना सहज विसरली जाते: चीनमधून ऑनलाइन सामील होणाऱ्यांना गूगलच्या सेवा सहजी मिळत नाहीत. आंतरराष्ट्रीय परिषदेत हा मुद्दा छोटा नाही.

बाइंडरला खातंही लागत नाही, पण मेमरी १ ते २ जीबी, आणि दहाएक मिनिटं हालचाल नसेल तर सत्र बंद होतं. छोट्या डेटासाठी तेवढं चालतं.

इथे डेटाची निवड निर्णायक ठरते. स्टार हे साधन वापरून मानवी जीनोमवर रीड्स (यंत्राने वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे) जुळवायचे तर ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, त्यामुळे या दोन्ही ठिकाणी तो बेत सोडून द्यावा. त्याऐवजी सॅमन किंवा कॅलिस्टो ही हलकी साधनं घ्या, नाहीतर एकाच गुणसूत्रापुरता डेटा घ्या. सिंगल-सेलसाठी, म्हणजे एकेका पेशीच्या विश्लेषणासाठी, २,७०० रक्तपेशींचा तो सगळ्यांच्या ओळखीचा पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पेशींचा) डेटासेट अजूनही उत्तम आहे.

नोटबुकचा खरा धोका मला तांत्रिक वाटत नाही. लोक शिफ्ट-एंटर दाबत जातात, आकृत्या उमटत जातात आणि शेवटी हाती काही लागत नाही. म्हणून काही सेल मुद्दाम कोरे ठेवा. त्याच पीबीएमसी डेटात मायटोकाँड्रियल रीड्सची मर्यादा (त्यापेक्षा जास्त असतील तर ती पेशी खराब समजून वगळतात) ५ टक्क्यांवरून आधी २ वर आणा, मग २० वर न्या, किती पेशी उरतात ते मोजा आणि क्लस्टर (सारख्या पेशींचे गट) कसे बदलतात ते शेजाऱ्याला सांगा, असं सांगितलं की माणूस थांबून विचार करतो. या एका सरावाला पंधरा मिनिटं दिली तरी ती सत्कारणी लागतात.

गॅलक्सी

श्रोत्यांत कमांड लाइनपासून दूर असलेले जीवशास्त्रज्ञ जास्त असतील तर गॅलक्सीला तोड नाही. २००५ पासूनचा हा प्रकल्प आहे, आणि त्याच्या प्रशिक्षण जाळ्यावरचं (गॅलक्सी ट्रेनिंग नेटवर्कवरचं) साहित्य खुल्या परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन हवं तसं वापरता येतं. युरोपीय सर्व्हरवर प्रशिक्षणासाठी वेगळी सोय आहे: काही आठवडे आधी अर्ज केला की तुमच्या सहभागींच्या जॉब्जना (सर्व्हरला दिलेल्या कामांना) स्वतंत्र रांग मिळते, आणि कुठल्या टप्प्यावर किती जॉब अडकलेत हे शिकवणाऱ्याला एका पानावर दिसतं. ऑनलाइन ट्युटोरियलमध्ये समोरच्याचा पडदा दिसत नसतो, तेव्हा हे पान फार कामाला येतं.

अडचण तुमचं साधन नवीन असेल तर आहे. त्यासाठी आधी रॅपर (साधनाला गॅलक्सीशी जोडणारी फाइल) लिहावा लागतो, मग तो सर्व्हरवर बसवून घ्यावा लागतो, आणि प्रस्ताव मंजूर झाल्यावर हे सुरू केलं तर उशीर झालेला असतो. ज्यांना कोडच शिकायचाय त्यांचं क्लिक करून समाधान होत नाही हेही खरं. पण गॅलक्सीच्या आत आरस्टुडिओ आणि ज्युपिटर ही कोड लिहिण्याची साधनंही उघडता येतात. बायोकंडक्टरने आपल्या कार्यशाळांचं व्यासपीठ गॅलक्सीवरच उभारलं आहे.

निवड करताना

अर्ध्या दिवसाचे चार तास असले तरी ओळख, चहा आणि शेवटचे प्रश्न वगळले की हातात जेमतेम तीन उरतात. त्यातला पाऊण तास इन्स्टॉलेशनने खाल्ला तर एक अख्खा सराव गेला. म्हणून अर्धा दिवस असेल तर ब्राउझरच, त्यात दुसरा विचार नको. पूर्ण दिवसात लॅपटॉप चालेल, पण इन्स्टॉलेशनच्या अडचणी सोडवायला सत्राआधी वेगळी वेळ ठेवा. ऑनलाइन असेल तर लॅपटॉपचा नाद सोडा.

माझी स्वतःची पसंती मिश्र पद्धतीला आहे. शिकवायचं ब्राउझरमध्ये आणि त्याच आवृत्त्यांची कोंडा-फाइल व कंटेनर गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर), डेटा झेनोडोवर (संशोधनाचा डेटा ठेवण्याच्या संकेतस्थळावर) ठेवून सोबत द्यायचा. लॅपटॉपचा एकमेव मोठा फायदा असा परत मिळतो, आणि सभागृहातला वेळही वाचतो.

प्रस्तावात हे सगळं थेट लिहा: कशावर सराव, कमाल किती जण, प्रत्येक सरावाला किती मिनिटं. मदतनीसांचा माझा हिशोब असा: ब्राउझरवर दहा जणांमागे एक, लॅपटॉपवर पाच जणांमागे एक. कार्पेंट्रीज या संशोधकांना कोडिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळांत वापरतात तशा दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या ठेवा. एक रंग ‘झालं’, दुसरा ‘अडकलो’. लॅपटॉपच्या झाकणावर लावलेली चिठ्ठी फिरणाऱ्या मदतनीसाला लांबूनच दिसते आणि अडकलेल्याला हात वर करून बसावं लागत नाही. वायफाय बंद पडलं तर काय, हेही एका ओळीत सांगा. दोन-चार पेनड्राइव्हवर डेटा आणि प्रत्येक टप्प्याचे निकाल तयार असले तरी आकृत्या वाचणं, मर्यादा ठरवणं हा चर्चेचा भाग चालू ठेवता येतो.